नव्या शिक्षकाच्या हाती नुसते वेळापत्रक देऊ नका

प्रति,
महाराष्ट्रातील विज्ञान महाविद्यालयांचे प्राचार्य आणि रसायनशास्त्र विभागप्रमुख यांस,

स. न. वि. वि.

दर वर्षी जून-जुलैत तासिका तत्त्वावरच्या मुलाखती होतात आणि आठवड्याच्या आत नवे सर किंवा नव्या मॅडम प्रथम वर्ष बी.एस्सी.च्या वर्गासमोर उभ्या राहतात. हातात वेळापत्रक, अभ्यासक्रमाची झेरॉक्स आणि हजेरीपट. त्यांनी अध्यापनाच्या पात्रतेची नेट किंवा सेट परीक्षा उत्तीर्ण केलेली असते, काहींची पीएच.डी. झालेली असते. या परीक्षांत मुख्यतः विषयाचे ज्ञान तपासले जाते. शंभर जणांच्या वर्गात मोल (पदार्थातले कण मोजण्याचे एकक) कसा शिकवायचा हे तिथे कोणी विचारत नाही, आणि ब्युरेट (थेंब-थेंब द्रव सोडणारी तोटीची मापनळी) तर कोणी हातातही देत नाही. संशोधनात चार-पाच वर्षे स्पेक्ट्रोमीटरवर काढलेल्या माणसाने शेवटचे टायट्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या द्रावणाने दुसऱ्या द्रावणाचे प्रमाण मोजणे, एम.एस्सी.ला केलेले असते. म्हणून पहिल्या महिन्यात जे बिघडते ते विषय न आल्याने क्वचितच बिघडते. विभागाला जे वर्षानुवर्षे ठाऊक आहे ते नव्या माणसाला कोणी सांगितलेलेच नसते, हे खरे कारण असते.

हे पत्र त्यासाठी आहे. तुम्ही काय सांगायला हवे आणि काय उपलब्ध करून द्यायला हवे ते आम्ही तपशिलात लिहीत आहोत. उदाहरणे रसायनशास्त्राची आहेत, कारण आमचे काम त्यातले.

सुरुवात प्रयोगशाळेपासून करतो. तिथे चूक झाली तर गुण जातात, आणि कधी डोळाही.

पहिले प्रात्यक्षिक बहुतेक ठिकाणी एकच असते: ऑक्झॅलिक आम्लाचे प्रमाण द्रावण करायचे, त्याने सोडियम हायड्रॉक्साइडची नॉर्मॅलिटी (द्रावणात पदार्थ किती ते सांगणारा आकडा) काढायची आणि मग दिलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाची. कागदावर साधे दिसते. २० जणांच्या बॅचला त्यासाठी किती सामान लागते हे मात्र पुस्तकात कुठेच नसते. हिशेब असा. एका विद्यार्थ्याला दोन टायट्रेशनांचे एकेक पायलट (अंदाजाचे) रीडिंग आणि तीन-तीन रीडिंग, शिवाय ब्युरेट विसळणे, मिळून सुमारे १२५ मिली सोडियम हायड्रॉक्साइड लागते. वीस जणांचे अडीच लिटर होते. सांडलवंड धरून तीन लिटर करा, म्हणजे ०.१ नॉर्मलसाठी १२ ग्रॅम. ऑक्झॅलिक आम्ल प्रत्येकाने १०० मिली करायचे असेल तर दर डोई ०.६३ ग्रॅम, एकूण साडेबारा ग्रॅमच्या वर. ऊर्ध्वपातित पाणी द्रावणांना आणि विसळायला धरून तेरा लिटरच्या घरात जाते. तासाला चार लिटर देणारे यंत्र असेल तर ते सव्वातीन तास चालायला हवे, आणि त्या काळात वीज आणि नळाचे पाणी दोन्ही हवे. म्हणजे पाणी आदल्या दिवशीच भरून ठेवायचे. नव्या शिक्षकाला हे माहीत नसते. सकाळी अकराला बॅच येते, बाराला डब्यातले पाणी संपते, मुले नळाच्या पाण्याने फ्लास्क विसळू लागतात आणि मग कोणाचेच रीडिंग जुळत नाही.

दुसरी अडचण तराजूची. बहुतेक विभागांत विद्यार्थ्यांसाठी एक, फार तर दोन डिजिटल तराजू असतात. एकाला तीन मिनिटे धरली तरी वीस जणांचा एक तास रांगेत जातो. त्यातून विद्यार्थी ०.६३० हाच आकडा यावा म्हणून दाणा-दाणा टाकतो आणि जास्त पडले की चमचाभर परत बाटलीत घालतो. बाटली तिथे खराब होते. म्हणून दोन गोष्टी आधीच ठरवून द्याव्यात. बॅचचे दोन भाग करावेत. दहा जण वजन घेत असताना उरलेल्या दहांनी ब्युरेट धुऊन, नुसते पाणी भरून, थेंब-थेंब सोडण्याचा आणि रीडिंग घेण्याचा सराव करावा, मग अदलाबदल. आणि वजन ०.६० ते ०.६६ ग्रॅममध्ये कुठेही चालेल, जे आले ते तिसऱ्या दशांशापर्यंत लिहा, असे सांगावे. समजा ०.६४८ ग्रॅम आले. १०० मिलीत ते ०.६४८ भागिले ६.३०३, म्हणजे ०.१०२८ नॉर्मल झाले. प्रमाण द्रावण म्हणजे 'ठरलेल्या आकड्याचे' द्रावण नसून 'नेमके माहीत असलेले' द्रावण, हे विद्यार्थ्याला या एका भागाकारातून कळते. तासभर व्याख्या सांगून ते कळत नाही. तराजू चार दशांशांचा असेल तर वरचा पंखा बंद ठेवायला आणि पातळीचा बुडबुडा मध्यावर आणायला सांगा, नाहीतर शेवटचा आकडा थांबतच नाही.

सोडियम हायड्रॉक्साइडचे वजन मात्र कितीही नेमके घेतले तरी उपयोगाचे नाही. त्याच्या गोळ्या हवेतली ओल शोषतात, तराजूवर पाहता पाहता आकडा चढतो, आणि कार्बन डायऑक्साइडमुळे वरच्या थरात कार्बोनेट झालेले असते. म्हणूनच त्याचे द्रावण ऑक्झॅलिक आम्लाशी ताडून घ्यावे लागते. नव्या शिक्षकाने ही गोष्ट प्रयोगाच्या सुरुवातीला फळ्यावर मांडावी. तराजूवर एक गोळी ठेवून दोन मिनिटांनी पुन्हा आकडा पाहायला लावला तर फळ्याचीही गरज उरत नाही. द्रावण प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवावे. आणि बॅच संपल्यावर ब्युरेट लगेच पाण्याने धुवावी. काचेच्या तोटीच्या ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड शनिवार-रविवार राहिले तर सोमवारी तोटी फिरत नाही, आणि जोर लावला की ती मोडते. नवी खरेदी करताना टेफ्लॉनच्या तोटीची ब्युरेट मागवा.

पुढचा भाग हाताच्या सवयीचा आहे. विद्यार्थी इथे ज्या चुका करतात त्या दर वर्षी त्याच असतात. ब्युरेट ज्या द्रावणाने भरायची त्याने विसळायची, पिपेटही (ठरावीक मापाने द्रव उचलणारी नळी) तसेच, पण कॉनिकल फ्लास्क फक्त पाण्याने. फ्लास्क ऑक्झॅलिक आम्लाने विसळला तर आत जास्तीचे आम्ल राहते आणि रीडिंग वाढते. फनेल ब्युरेटवर तसेच ठेवले की त्यातून मागाहून थेंब पडतात आणि रीडिंग कमी दिसते. तोटीखाली हवेचा बुडबुडा राहिला आणि मध्येच निघून गेला तर तेवढे रीडिंग फुकट वाढते. पिपेटचे टोक काचेच्या भिंतीला टेकवायचे आणि शेवटचा थेंब फुंकायचा नाही, कारण तो थेंब टोकात राहणार हे धरूनच पिपेटवर खूण केलेली असते. रंग बदलून टायट्रेशन संपल्याचे दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचे दोनच थेंब पुरतात. ते अल्कोहोलमध्ये विरघळवलेले असते. आठ-दहा थेंब टाकले की पाण्यात दुधाळ गढूळपणा येतो आणि अंत्यबिंदू, म्हणजे तो रंगबदल, दिसेनासा होतो.

अंत्यबिंदूचा रंग फिकट गुलाबी असतो, राणी नव्हे. पुस्तकात 'गुलाबी' एवढेच छापलेले असते, म्हणून विद्यार्थी राणी रंगापर्यंत जातो आणि ०.३ मिली पुढे निघून जातो. दहा मिलीच्या रीडिंगमध्ये ०.१ मिलीची चूक म्हणजे एक टक्का. एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा, म्हणजे दोन थेंबांत एक टक्का गेला. उपाय सोपा आहे. शिक्षकाने सकाळीच बरोबर अंत्यबिंदूचा एक फ्लास्क पांढऱ्या टाइलवर, बूच लावून, मधल्या टेबलावर ठेवावा. तो रंग फिका होत जातो म्हणून दर पाऊण तासाने नवा करावा. विद्यार्थ्यांच्या फ्लास्कातही तेच घडते. अर्ध्या मिनिटाने रंग गेला की ते आणखी द्रावण सोडत बसतात. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तो जातो, आणि अर्धा मिनिट टिकला तर तोच अंत्यबिंदू, हे आधी सांगावे लागते.

आता सी.बी.आर. तीन रीडिंग जुळली की 'कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग' लिहायचे, ही पद्धत चांगली आहे. पण गुण जुळण्याला मिळतात हे कळले की विद्यार्थी ९.८, ९.८, ९.८ असे लिहितो आणि दुसरे-तिसरे टायट्रेशन करतच नाही. शेजाऱ्याचेही ९.८ असते. याला रागावून उपयोग नाही, सामान बदलायला हवे. १७ मिली संहत हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात ओतून एक लिटर करा, ते साधारण ०.२ नॉर्मल होते. त्यातले २००, २२५, २७५ आणि ३०० मिली चार वेगवेगळ्या बाटल्यांत घेऊन प्रत्येकी ५०० मिली करा. ०.०८, ०.०९, ०.११ आणि ०.१२ नॉर्मलच्या चार बाटल्या तयार होतात आणि लिटर नेमके संपते. प्रत्येक बाटली पाच जणांना पुरते. आदल्या दिवशी त्यांची खरी नॉर्मॅलिटी काढून वहीत नोंदवा, बाटल्यांवर फक्त क्रमांक घाला आणि शेजारी बसलेल्या दोघांना कधीही एक क्रमांक देऊ नका. मग ज्याने खरोखर टायट्रेशन केले तो आपल्या बाटलीप्रमाणे आठ, नऊ, अकरा किंवा बाराच्या जवळ येतो, आणि ज्याने उतरवून काढले तो लगेच कळतो. कच्च्या कागदावरच्या रीडिंगवर बॅच सुटण्याआधी शिक्षकाची सही असावी, जर्नल नंतर लिहू दे. एवढे केले की 'रीडिंग जुळली का' याऐवजी 'उत्तर खऱ्याच्या किती जवळ' याला गुण देता येतात.

पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनाला वेगळ्या सूचना लागतात. ऑक्झॅलिक आम्लाबरोबर ते ६० ते ७० अंश सेल्सिअसला करायचे असते. थंड द्रावणात अभिक्रिया इतकी हळू होते की पहिल्याच थेंबाचा गुलाबी रंग रेंगाळतो आणि विद्यार्थी त्यालाच अंत्यबिंदू समजतो. उकळी आणली तर ऑक्झॅलिक आम्लाचेच विघटन होऊ लागते. गरम द्रावणातही पहिला थेंब थोडा वेळ घेतो. त्यातून मँगनीज आयन तयार झाला की तोच पुढच्या अभिक्रियेला गती देतो आणि नंतरचे थेंब झटकन विरतात. विरल सल्फ्युरिक आम्ल कमी पडले की फ्लास्कात तपकिरी गाळ दिसतो. तो मँगनीज डायऑक्साइडचा, आणि ते रीडिंग टाकून द्यायचे असते. हायड्रोक्लोरिक आम्ल इथे का चालत नाही हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो: परमँगनेट त्यातल्या क्लोराइडचेच ऑक्सिडीकरण करते आणि रीडिंग फुगते. रंग गडद असल्याने ब्युरेटवरचे रीडिंग खालच्या कडेला न घेता वरच्या कडेला घ्यायचे. नव्या शिक्षकाने स्वतः दोनदा हे टायट्रेशन केले की या सगळ्या गोष्टी आपोआप लक्षात राहतात. म्हणून आमची पहिली मागणी अशी: अभ्यासक्रमातले प्रत्येक प्रात्यक्षिक, विद्यार्थी करणार त्याच बाटल्यांनी आणि त्याच ब्युरेटने, बॅचच्या आधी शिक्षकाला एकदा करू द्या. तासिका तत्त्वावरच्या माणसाला तासाचेच मानधन मिळते. हे तासही त्याच्या कामात धरा. फुकट करून घेऊ नका.

सुरक्षेबाबत आम्ही तडजोड सुचवणार नाही. तोंडाने पिपेट ओढणे अजूनही अनेक प्रयोगशाळांत चालते. ते बंद करा. दर पिपेटमागे एक रबरी बल्ब द्या, आणि तो वापरण्याचा सराव पहिल्या दिवशी नुसत्या पाण्यावर करून घ्या. बल्ब आहेत पण कपाटात कुलूपबंद आहेत, असे नको. चष्मा आम्लासाठीच हवा असा एक समज आहे. डोळ्यात अल्कली गेली तर ती आम्लापेक्षा खोल इजा करते, म्हणून सोडियम हायड्रॉक्साइडच्या प्रात्यक्षिकालाही गॉगल हवाच. डोळ्यात काहीही गेले तर वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवायचे आणि मग दवाखान्यात न्यायचे. त्वचेवर आम्ल सांडले तर पाणीच, भरपूर आणि लगेच. त्यावर सोडा चोळायला जाऊ नये, उदासिनीकरणाची उष्णता जखम वाढवते. सल्फ्युरिक आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीच नाही. आणि चप्पल घालून किंवा ओढणी मोकळी सोडून आलेल्या विद्यार्थ्याला बर्नरजवळ उभे न करण्याचा अधिकार नव्या शिक्षकाला आहे, हे तुम्ही वर्गासमोर येऊन एकदा सांगा. तेच नव्या माणसाने सांगितले तर मुले ऐकतीलच असे नाही.

लॅब असिस्टंट आणि परिचर यांच्याशी नव्या शिक्षकाची ओळख पहिल्याच दिवशी करून द्या. कोणती ब्युरेट गळते, कोणत्या बाटलीतले द्रावण मागच्या वर्षीचे आहे, गॅसचा कोणता कॉक सैल आहे, हे त्या मामांना माहीत असते.

आता वर्ग. दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) सैद्धांतिक पेपर म्हणजे ३० तास. त्यातला ४८ मिनिटांचा तास प्रत्यक्षात ३८ मिनिटांचाच असतो. शंभर जणांची हजेरी घ्यायला पाच मिनिटे जातात, बसायला-उठायला आणखी पाच. नवा शिक्षक साठ मिनिटांची टिपणे घेऊन येतो, घाईने फळा भरतो आणि पुसतो. विद्यार्थ्याला फळ्यावरचे उतरवायला लिहिणाऱ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. त्या वेळात त्याचे कान बंद असतात. म्हणून एका तासात दोनच कल्पना, फार तर अडीच. लिहिताना बोलू नये, आणि लिहून झाल्यावर अर्धे मिनिट गप्प उभे राहावे. फळ्याचे तीन उभे भाग करावेत. डावीकडच्या भागात तासाचा प्रश्न आणि नव्या संज्ञा शेवटपर्यंत राहू द्याव्यात, उरलेले दोन भाग आलटून पालटून वापरावेत. घातांक आणि पायांक शेवटच्या बाकावरून दिसतात का हे रिकाम्या वर्गात स्वतः बसून पाहावे. पंखे चालू ठेवून आवाजही तपासावा.

'समजलं का?' हा प्रश्न वर्गात विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी 'हो सर' असेच येते. त्याऐवजी चार पर्यायांचा प्रश्न फळ्यावर लिहावा, एक मिनिट शांतपणे विचार करू द्यावा, मग सगळ्यांनी एकाच वेळी छातीजवळ बोटे दाखवावीत: पहिल्या पर्यायाला एक, दुसऱ्याला दोन. छातीजवळ अशासाठी, की शेजाऱ्याला दिसू नये. बरोबर उत्तरे ३० टक्क्यांहून कमी असतील तर कल्पना पुन्हा वेगळ्या तऱ्हेने सांगावी लागते. ७० टक्क्यांहून जास्त असतील तर पुढे जावे. मधले प्रमाण असेल तर शेजाऱ्याशी दोन मिनिटे वाद घालायला लावावे आणि पुन्हा बोटे पाहावीत. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मझूर यांनी ही पद्धत १९९० च्या दशकात रूढ केली. तिला ना ॲप लागते ना प्रोजेक्टर, त्यामुळे वीज गेली तरी अडत नाही. २०१४ साली अमेरिकेत पदवीच्या विज्ञान-गणित-अभियांत्रिकी वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला गेला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात ३३.८ टक्के विद्यार्थी नापास झाले होते, तर विद्यार्थ्यांना वर्गातच काम करायला लावणाऱ्या वर्गात २१.८ टक्के. आपले वर्ग वेगळे आहेत हे मान्य, पण शंभर जणांना गप्प बसवून ठेवण्याने काही साधत नाही हे इथेही तितकेच खरे आहे.

प्रश्न मात्र चांगला हवा. एक नमुना देतो. ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल १० मिली आणि ०.१ नॉर्मल ॲसेटिक आम्ल १० मिली, कोणाला सोडियम हायड्रॉक्साइड जास्त लागेल? वर्गातला मोठा गट हायड्रोक्लोरिक म्हणतो, कारण ते 'स्ट्राँग' आहे. खरे तर दोन्हींना सारखेच लागते. गोंधळाचे मूळ आपल्या बोलण्यात आहे. आपण कडक चहाला 'स्ट्राँग चहा' म्हणतो, आणि तिथे स्ट्राँग म्हणजे पूड जास्त, म्हणजे संहत. रसायनशास्त्रात मात्र तीव्र आणि सौम्य हे आयनीभवनाचे, म्हणजे रेणू फुटून आयन होण्याचे, प्रमाण सांगतात, संहत आणि विरल हे द्रावणात किती पदार्थ आहे ते सांगतात. विरल पण तीव्र, संहत पण सौम्य, अशा चारही जोड्या फळ्यावर उदाहरणांसह मांडल्या की निम्मा गोंधळ मिटतो. उरलेला टायट्रेशन करूनच मिटतो, म्हणून हा प्रश्न प्रात्यक्षिकाच्या आदल्या तासाला विचारावा.

भाषेचा विषय इथूनच निघतो, आणि तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या वर्गात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुले असतात. त्यांच्याकडे मूलद्रव्य, संयुग, आम्लारी, क्षपण हे शब्द अर्थासकट असतात. अकरावीत विज्ञान इंग्रजीत गेले, आणि तेच शब्द नव्या रूपात, पण अर्थावाचून पाठ झाले. त्यातच मुले घरी मोबाइलवर हिंदीतली व्याख्याने पाहतात. मराठीत क्षार म्हणजे सॉल्ट. हिंदीत सॉल्टला लवण म्हणतात आणि क्षार म्हणजे अल्कली. एकाच शब्दाचे दोन अर्थ डोक्यात घेऊन मुलगा 'आम्ल आणि क्षार यांची अभिक्रिया' ऐकतो आणि त्याला काहीच लागत नाही. तो प्रश्नही विचारत नाही, कारण नेमके काय अडले हे त्यालाही सांगता येत नाही. नव्या शिक्षकाला सांगा, की संज्ञा इंग्रजीत लिहा, मराठी शब्द तिच्या शेजारी लिहा, समजावणे मराठीत करा आणि परीक्षेत लिहायची दोन-तीन वाक्ये इंग्रजीत लिहून घ्या. प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला अशा पंधराएक शब्दांची जोडयादी द्या. 'इंग्रजीतूनच बोला, दर्जा राहील' असा आग्रह नव्या माणसावर धरू नका. मुलांना न कळणाऱ्या भाषेत बोलून कसला दर्जा राहतो?

गणिताकडेही असेच पाहावे लागेल. बारावीच्या बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, मुले लॉग टेबलवर गणिते करून आलेली असतात. प्रथम वर्षाला सायंटिफिक कॅल्क्युलेटर हातात येतो तो कोणी न शिकवताच. ६.०२२ गुणिले १०, आणि मग घातांकाचे बटण दाबून २३, असे दाबले की उत्तर दसपट येते, कारण त्या बटणातच 'गुणिले दहाचा घात' आलेला असतो. पहिल्या आठवड्यात यावर दहा मिनिटे खर्च करा. पीसीबी गटातून, म्हणजे गणिताऐवजी जीवशास्त्र घेऊन, आलेल्या मुलांना समाकलनाचा सराव नसतो. प्रथम कोटीच्या अभिक्रियेचे समीकरण त्यांच्यासमोर सिद्ध करण्याआधी १००, ५०, २५, १२.५ असा तक्ता करून अर्धायुकाल (पदार्थ निम्मा व्हायला लागणारा वेळ) दाखवा आणि मग समीकरणाकडे या. मोलची व्याख्या २० मे २०१९ पासून बदलली आहे. कार्बन-१२ च्या बारा ग्रॅमवर ती आता अवलंबून नाही, ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात ही संख्याच निश्चित धरली आहे. विभागात फिरणाऱ्या जुन्या नोट्समध्ये हे नसेल तर त्या नोट्स नव्या शिक्षकाच्या हाती देण्याआधी दुरुस्त करा.

आणि प्रवेश फेऱ्यांचे भान. अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राच्या फेऱ्या संपेपर्यंत वर्गाची यादी बदलत राहते, काही जण जातात, काही उशिरा येतात. म्हणून मोल आणि द्रावणाची संहती हे विषय पहिल्या पंधरवड्यात एकदाच घेऊन सोडता येत नाहीत. चौथ्या-पाचव्या आठवड्यात त्यांना दोन तास पुन्हा राखून ठेवावे लागतात. जिचे गुण मोजले जातात ती पहिली चाचणी त्यानंतर घ्या.

यातले बरेचसे काम शिक्षक स्वतः करेल. तुमच्या हातात आहे ते एवढे: अभ्यासक्रम, मागच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि कामाचे तास पंधरा दिवस आधी द्या. पहिल्या सत्रात दोनाहून अधिक वेगळे पेपर देऊ नका. एकच प्रात्यक्षिक आठवड्यात चार बॅचना होत असेल तर सोमवारची बॅच अनुभवी शिक्षकाला द्या, नव्याने ती पाहावी आणि मंगळवारची घ्यावी. दुसऱ्या आणि पाचव्या आठवड्यात विभागातल्या कोणी ज्येष्ठाने शेवटच्या बाकावर बसून पूर्ण तास ऐकावा, आणि त्यानंतर दोघांनी चहा घेत बोलावे. त्याचा अहवाल फायलीत जाता कामा नये. गेला, तर पुढच्या वेळी नवा शिक्षक तुमच्यासाठी तास सजवून घेईल आणि खरी अडचण लपवेल.

आणि पहिल्या बॅचच्या आदल्या शनिवारी प्रयोगशाळेची किल्ली, तराजूची खोली, पाण्याचे यंत्र आणि मामांचा अर्धा दिवस, एवढे नव्या शिक्षकाला मिळेल असे लेखी कळवा.

आपले,
प्रथम वर्षाचे वर्ग आणि प्रयोगशाळा सांभाळणारे काही रसायनशास्त्र शिक्षक